कुंपणाला अडकलेली मेंढरं

केशरबाईला लाज म्हणून कशाची वाटत नाही, असं हिवरपिंपरीत सगळे म्हणायचे. ते काही वाईट अर्थानं नव्हे. सासऱ्यांच्या माघारी नदीकाठची जमीन तिच्या हाती आली तेव्हा पदर कमरेला खोचून ती स्वतः ट्रॅक्टरवर बसली. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि ही आपली नांगरट करत राहिली. नवरा, सुंदरराव, पंचायत समितीच्या राजकारणातला माणूस. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून जवळच्या कडा गावी जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. यंदा शेतात काय आहे असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "ते आमच्या घरात इचारा."

पुण्याकडच्या एका वायनरीची माणसं नदीकाठच्या जमिनी बघत तालुक्यात हिंडत होती, तेव्हा त्यांना जेवायला घालणारं घर केशरबाईचंच होतं. लाल वाइनची द्राक्षं लावायची, माल वायनरीनं न्यायचा, असा करार. गावात कुणी पुढं येईना. दारूची द्राक्षं लावायची म्हणजे काय? केशरबाईनं लावली. सप्त्यात कीर्तनाला उभे राहिलेले महाराज नाव न घेता बोलले, की पूर्वी या मातीत जोंधळा पिकायचा, आता मातीला नशा चढली. सगळ्या मंडपानं माना वळवून तिच्याकडं बघितलं. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली नाही. तोडणी सुरू झाली तेव्हा पाटीभर द्राक्षं घेऊन ती महाराजांच्या घरी गेली आणि म्हणाली, "खाऊन बघा, गोड हायेत. पुढं त्येचं काय करायचं ते करणारा बघंल."

द्राक्षं लहान, काळीभोर, जाड सालीची. खाल्ली तर ओठ जांभळे व्हायचे आणि तोडणाऱ्या बायकांची बोटं आठवडाभर निवळायची नाहीत. हळूहळू आणखी सात-आठ घरांनी तीच लावली. नदीच्या वळणावर लाल वाइनच्या द्राक्षांचा एक पट्टाच तयार झाला. आष्टीच्या बाजारात हिवरपिंपरीचा माणूस भेटला की लोक त्याला "काय, वाइनवाले" म्हणून हाक मारू लागले. त्या सगळ्यांची पुढारी केशरकाकू.

या गावाच्या वरच्या माळावर सटवा धनगर आणि त्याची बायको दगडाबाई यांचं पाल असायचं. पावसाळा ओसरला की ते मेंढरं घेऊन लांब जायचे, पण उन्हाळ्याच्या तोंडाला हिवरपिंपरीला परतायचेच. केशरबाईच्या सासऱ्यांपासून त्यांची मेंढरं या रानात बसायची. रात्रभर कळप शेतात कोंडायचा, सकाळी लेंड्यांचा थर पडलेला असायचा. बदल्यात धान्य, कडबा आणि घरचं माणूस असल्यासारखी वागणूक. दगडाबाई वयानं केशरबाईपेक्षा थोडी मोठीच, तरी ती केशरबाईला काकू म्हणायची, कारण सगळं गाव म्हणायचं. द्राक्षाच्या तोडणीला ती हमखास यायची. घड कापताना तिचा हात असा हलका चालायचा की एक मणी चेपत नसे.

नदीच्या पात्रालगतच्या गायरानातून वर माळावर जायला मेंढरांची एक जुनी वाट होती. ती केशरबाईच्या जमिनीतून जायची. बाग वाढवायची ठरली तेव्हा ती वाट मधे आली. कोवळी पानं मेंढरं सोडत नाहीत. केशरबाईनं नदीकडच्या अंगाला लोखंडी अँगल रोवून जाळीचं कुंपण घातलं, वर काटेरी तार ओढली, आणि वाटेच्या तोंडावर ट्रॅक्टरसाठी फाटक बसवून त्याला कुलूप घातलं. दगडाबाईला तिनं स्पष्ट सांगितलं, "आता पुलावरून जात जा. थोडा वळसा पडंल."

"पडू द्या," दगडाबाई म्हणाली. "तुमच्या बागंपुढं आमचं काय न्हाई."

त्या वेळी केशरबाईला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. जमीन तिची, बाग तिची.

गेल्या सप्टेंबरात पाऊस थांबायचं नावच घेईना. त्या दिवशी डोंगराकडं आभाळ फुटलं आणि उजाडायच्या सुमाराला नदी गावाच्या पायऱ्यांना लागली. कडा गावाच्या बाजूला लोक घरांवर चढून बसले होते, त्यांना काढायला हेलिकॉप्टर आलं. हिवरपिंपरी उंचावर म्हणून माणसं वाचली. केशरबाई देवळाच्या ओट्यावर उभी राहून बघत होती. बागेच्या जागी तांबडं पाणी होतं, आणि त्यातून ऊस, कडबा, सिंटेक्सच्या टाक्या, एखादी बाज, असं काय काय वाहत चाललेलं. तिनं डोळ्यांतून पाणी काढलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदारांना ती म्हणाली, "मुळं जमिनीत हायेत. पाणी उतरू द्या, बघू."

पाणी उतरल्यावर ती एकटीच खाली गेली. बाग ओळखू येत नव्हती. वेली प्रवाहाच्या दिशेनं आडव्या झोपलेल्या, अँगल वाकलेले, ठिबकच्या नळ्यांचे गुंते झाडाझाडांत अडकलेले आणि सगळ्यावर मांडीभर गाळ. ती चिखलातून पाय उपसत उपसत नदीकडच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

कुंपण बरंचसं उभं होतं. जाळीला मेंढरं चिकटली होती. काही तारेवर लोंबत होती, काही एकमेकांवर चढून जाळीत तोंड खुपसलेली, अंगावरची लोकर गाळानं लिंपलेली. एकाही मेंढराचं तोंड नदीकडं नव्हतं. सगळी वर, गावाकडं तोंड करून होती.

फाटकाच्या साखळीवर कुऱ्हाडीचे घाव होते. लोखंड तुटलं नव्हतं. बाजूची जाळी मात्र कुणीतरी फोडली होती. एका वेळी एक मेंढरू निघेल एवढं भोक. काय झालं असेल ते केशरबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. मेंढरं गायरानात होती. पाणी चढू लागलं, पूल बुडाला, आणि सटवानं कळप जुन्या वाटेनं वर हाकला. वाट बंद होती.

सटवा आणि दगडाबाई जगलेत एवढं तिला त्याच दिवशी कळलं. भोकातून निघालेली मेंढरं घेऊन ते माळावर पोचले होते, पण त्यांच्या मागं मधला ओढा चढला होता, तो अजून उतरला नव्हता, त्यामुळं इकडं येता येत नव्हतं. केशरबाईला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यात माणसं जगल्याचा आनंद होता, हे खरं. पण ते एवढ्यात इकडं येणार नाहीत, याचंही बरं वाटलं होतं. हे तिनं स्वतःशी कबूल केलं ते फार नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदररावांचा फोन आला. "उद्या मंत्रीसाहेब पाहणीला येतायत. आपली बाग दाखवायची ठरलीय. टीव्हीवाले हायेत बरोबर. तिथं मेलेली जनावरं पडलीत म्हणं, वास सुटलाय. तेवढं बघून घे."

तेवढं तिनं बघून घेतलं. गावात रामहरीचा जेसीबी होता, रस्त्यावरचा गाळ काढायला लागलेला. तिनं त्याला बोलावलं. बागेच्या कडेला, जिथं जमीन कोरडी होती तिथं, खड्डा घ्यायला सांगितला.

रामहरी जेसीबीवरून खाली उतरला. "काकू, ही सटवाची मेंढरं. त्येला कळवायचं का? पंचनामा व्हायचा असंल."

"ते पलीकडं अडकलेत. कवा येतील न्हाई येतील. तवर रोगराई पसरंल."

हे बोलणं खोटं नव्हतं. पण पंचनामा म्हणजे काय हे केशरबाईला चांगलं ठाऊक होतं. तिची म्हैस वीज पडून मेली होती तेव्हा डॉक्टर येईपर्यंत तिनं म्हशीला हात लावू दिला नव्हता. जनावर दिसलं पाहिजे, नाहीतर सरकार काही देत नाही. फोन काढून दोन फोटो घ्यावेत एवढंही तिच्या हातून झालं नाही. झालं नाही म्हणजे, मनात आलं होतं, पण फोटोत कुंपण आलं असतं. फाटक आलं असतं, कुलूप आलं असतं.

रामहरीनं मेंढरं तारेवरून सोडवली, खड्ड्यात लोटली, वरून माती ओढली. केशरबाई नाकाला पदर लावून शेवटपर्यंत उभी होती. नंतर तिनं जाळीचं भोकही तारेनं विणून बंद केलं.

साहेब आले. गाळात फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून चालत आले. कॅमेऱ्यांपुढं त्यांनी केशरबाईला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, धीर सोडू नका. लाल द्राक्षांचं हे गाव पुन्हा उभं राहील." संध्याकाळी ती बातमी सगळ्यांनी आपापल्या फोनवर बघितली. पडद्यावर केशरबाई वेलीचा एक मोडका फाटा हातात धरून उभी होती. मुलाचा पुण्याहून फोन आला, तो रडत होता. ती त्याला म्हणाली, "रडू नगंस." आणि फोन ठेवून दिला.

दगडाबाई आली ती त्यानंतर. अंगावर कुणीतरी दिलेलं लुगडं, पायांना काटे-दगडांनी फाटल्याच्या चिरा. केशरबाई ओसरीत होती. दगडाबाई पायरीवर टेकली, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या फाटकापाशी आमची लई मेंढरं अडकलीवती. मी आन सटवानं डोळ्यानं बघितलं. आता तिथं एक बी न्हाई. कुटं गेली?"

ती विचारत होती. आरोप करत नव्हती. तिच्या डोळ्यांत केशरबाईबद्दल शंकेचा लवलेश नव्हता आणि त्यामुळंच खरं बोलायला जीभ उचलेना.

"वाहून गेली असतील बाई," केशरबाई म्हणाली. "पाणी परत चढलंतं ना."

"आसंल," दगडाबाई म्हणाली. "पाण्याचं काय सांगावं." उठताना तिनं विचारलं, "तुमचं लई नुकसान झालं म्हणत्यात. वेली जगतील का?"

दुसऱ्या दिवसापासून दगडाबाई नदीनं खाली मेंढरं शोधत हिंडू लागली. कुठं झुडपाला अडकलेलं जनावर दिसलं की जवळ जाऊन बघायची, आपलं आहे का. तलाठ्यानं तिला सांगितलं होतं, मेंढरं दाखव, मग पंचनामा करतो. नुसत्या तोंडी सांगण्यावर कसा करणार? केशरबाई बागेत गाळ उपसायला माणसं लावायची आणि समोरच्या काठानं वाकून वाकून चालणारी दगडाबाई तिला दिसायची. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसू नये म्हणून केशरबाई नदीकडं पाठ करून उभी राहायला शिकली.

रात्री सुंदररावांजवळ तिनं विषय काढला. ते म्हणाले, "आता काय करायचं? खड्डा उकरून दाखवायचा? अगं, साहेब त्या जमिनीवर उभे राहून गेलेत. आपण त्येला शेळ्या घेऊन देऊ दोन-चार, पुढं सवडीनं." तिला ते पटलं नाही. तरी पटल्यासारखी ती गप्प बसली.

वेल वाचवायची तर बुंध्याभोवतीचा गाळ लवकर काढावा लागतो, नाहीतर मुळं गुदमरून मरतात. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं. वायनरीची पोरं आली, शेजारच्या गावांतली माणसं आली, कॉलेजच्या मुली टोप्या घालून फावडी घेऊन आल्या. हिवरपिंपरीत एवढी माणसं कुणी कधी बघितली नव्हती. एका घराची बाग झाली की सगळे दुसऱ्याच्या बागेत. केशरबाईच्या बागेची पाळी आली त्या सकाळी बायकांच्या घोळक्यात दगडाबाईही होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"तू कावून आलीस?" केशरबाईच्या तोंडून निघून गेलं.

"सगळं गाव आलंय की. मी घरी बसून काय करू? मेंढरं हायेत तेवढी सटवा बघतोय."

ती खुरपं घेऊन बुंध्यापाशी बसली. हातानं गाळ उकरायची, मुळाला धक्का न लावता. एका वेलीचं मूळ उघडं पडलं तेव्हा त्याला बारीक पांढरा अंकुर फुटलेला दिसला. दगडाबाईनं केशरबाईला हाक मारून तो दाखवला. तिला खरोखर आनंद झाला होता. केशरबाई वाकून बघत होती, आणि त्या जागेपासून खड्डा इतका जवळ होता, की साधी हाक मारली असती तरी तिथं ऐकू गेली असती.

दुपारी भाकरी खायला सगळ्या बसल्या. दगडाबाई केशरबाईच्या शेजारी येऊन बसली.

"काकू, एक काम व्हतं. तलाठी माझं ऐकना. तुमी त्येला सांगता का, की ही मेंढरं व्हती म्हणून? तुमच्या शब्दाला मान हाय."

"सांगीन," केशरबाई म्हणाली.

"पैशाचं एक आसू द्या," दगडाबाई भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली. "पर झोप लागत न्हाई. मेंढीची एक कवळी पाठ व्हती, तिची माय मेल्यावर मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. लेकरावानी मागं मागं यायची. ती कुटं पडली आसंल, कुत्र्यांनी वढली आसंल, आसलं काय काय येतं मनात. एकदा दिसली आसती तर माती तरी लोटली आसती वरून."

केशरबाईच्या हातातली भाकरी तिला पुढं खाववली नाही. तिनं ती फडक्यात गुंडाळली. त्या वेळी बोलली असती तर बरं झालं असतं. पण आजूबाजूला बायका होत्या, कॉलेजच्या मुली होत्या, आणि सगळे तिच्यासाठी राबायला आलेले. तिला वाटलं, आत्ता बोलले तर ही सगळी फावडी खाली पडतील.

तलाठी आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसायचा. पुराच्या दिवसांत तिथं गर्दी मावत नव्हती. केशरबाई आत गेली तसं लोकांनी तिला वाट दिली, कुणीतरी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. दगडाबाई आणि सटवा भिंतीला टेकून उभे होते. सटवा उंच, बारीक, कमी बोलणारा माणूस. पुरापासून तो आणखीच कमी बोलायचा.

"साहेब, सटवाची मेंढरं माझ्या कुंपणाला अडकून मेली," केशरबाई म्हणाली.

तलाठी आदरानं म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. पण मला वर दाखवायला काहीतरी हवं ना. जनावरं वाहून गेली म्हटल्यावर..."

इथं गप्प राहिली असती तर तिनं दिलेला शब्द पाळला असं झालं असतं. लोकांनी म्हटलं असतं, काकू गरिबाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. तेवढ्यासाठीच आपण आलो होतो की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिचे कान तापले.

"वाहून गेली न्हाईत," ती म्हणाली. "मी पुरली. पाहणीच्या आदल्या दिवशी. रामहरीच्या जेसीबीनं. माझ्या बागंच्या कडंला हायेत. वाट मी बंद केलीवती, फाटकाला कुलूप माझं व्हतं. ते दिसू नये म्हणून पुरली. दगडाबाईनं मला इचारलं तवा मी खोटं बोलले."

बाहेरच्या माणसांना ऐकू आलं नव्हतं, ते आत काय झालं म्हणून विचारत होते, आणि आतली माणसं त्यांना हळू आवाजात सांगत होती. ते सांगणं दारातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर जाताना केशरबाईला पाठीमागून ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मान खाली घातली. समोरच्या फरशीवर चिखलाच्या पावलांचे ठसे होते, त्यांच्याकडं ती बघत राहिली.

खड्डा त्याच दिवशी उकरला. जनावरांचे डॉक्टर आले. तोंडाला रुमाल बांधून गाव लांब उभं राहिलं. रामहरी जेसीबी चालवत होता. मेंढरांची ओळख पटण्यासारखी राहिली नव्हती. काहींच्या कानातले बिल्ले सापडले, काहींचे नाही. सटवा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. काम थांबल्यावर तो रामहरीला म्हणाला, "तुला तरी सांगता आलं न्हाई का बे? रोज माझ्यासंगं चहा पेत व्हतास."

रामहरीनं यंत्र बंद केलं आणि खाली बघत बसून राहिला. तेवढंही सटवा केशरबाईला बोलला नाही.

दगडाबाई खड्ड्याजवळ गेली, बराच वेळ बघत राहिली. तिची ती पाठ त्यात सापडली की नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मग ती केशरबाईसमोर येऊन उभी राहिली.

"काकू, कुंपण घातलं ते तुमचं व्हतं. पाणी आलं ते देवाचं. त्येचं मी कायबी म्हणत न्हाई. पर मी तुमाला ओसरीवर येऊन इचारलंतं. तवा सांगितलं आसतं तर मी नदीनं हिंडले नसते."

"चुकलं माझं," केशरबाई म्हणाली.

"व्हय," दगडाबाई म्हणाली, आणि निघून गेली.

सुंदरराव त्या रात्री जेवले नाहीत. "तालुक्यात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," एवढंच म्हणाले. काही दिवस ते कड्याला गेले नाहीत, मग हळूहळू जायला लागले. राजकारणातली माणसं विसरतात, त्यांना पुढची निवडणूक असते. केशरबाईला कुठं जायचं नव्हतं. तिला रोज त्याच रस्त्यानं त्याच बागेत जायचं होतं.

गाव तिला टाकून बोललं नाही. तसं झालं असतं तर सोसायला सोपं गेलं असतं. उलट काही बायका म्हणाल्या, काकूंनी कबूल तरी केलं, दुसऱ्यानं केलं नसतं. वायनरीतली एक मुलगी म्हणाली, केवढं धाडस लागतं. हे कौतुक कानावर पडलं की केशरबाई तिथून उठून जायची. कबूल केल्याचं पुण्य आपल्या नावावर जमा होतंय आणि दगडाबाईचे पाय अजून फाटलेलेच आहेत, हे तिला सहन होत नव्हतं.

मदत सटवाला मिळाली, पण ज्यांचे बिल्ले सापडले तेवढ्यांचीच. उरलेल्यांची भरपाई केशरबाईनं स्वतः द्यायला काढली, तेव्हा सटवानं ती घेतली. गुपचूप घेतली. आभार मानले नाहीत की नको म्हणाला नाही. त्यानं नको म्हटलं असतं तर पाया पडून घ्यायला लावावं, असं तिनं मनाशी ठरवलेलं. तेही राहून गेलं.

कुंपण तिनं काढून टाकलं. जुनी वाट जिथून जायची तिथं वेलींच्या काही ओळी होत्या, पुरातून जगलेल्या, नवी पानं धरलेल्या. वायनरीचा माणूस म्हणाला, या कशाला काढता, इतक्या मुश्किलीनं वाचल्यात. तिनं त्या उपटल्या. वाट मोकळी केली, दगड वेचले, दोन्ही अंगांना मातीचे बांध घातले. मग ती वाट बघत राहिली. मेंढरं आली नाहीत. गायरानातून वर जाताना सटवाचा कळप पुलावरून वळसा घालून जायचा. बागेतून मेंढरांच्या गळ्यातली घुंगरं लांबून ऐकू यायची आणि लांबच विरून जायची.

बाग सावरली. छाटणी लांबली, फूट उशिरा आली, पण आली. गाळानं जमीन सुपीक केली होती म्हणे. मार्च संपता संपता घड काळे झाले. माल नेहमीपेक्षा कमी, तरी सगळ्या पट्ट्यात तोडणी झाली आणि गाड्या भरून गेल्या. वायनरीनं छोटा समारंभ ठेवला. पुरातून उभ्या राहिलेल्या गावाचा सत्कार, आणि त्यात केशरबाईचं नाव पहिलं. ती गेली नाही. तिच्याऐवजी शेजारच्या शिवकन्येनं साडी-नारळ घेतला. लोक म्हणाले, काकूंना मोठेपणा नको असतो. हेही तिला ऐकावं लागलं.

तोडणीला दगडाबाई नव्हती. तिच्या ओळीत दुसऱ्या बाया होत्या आणि मणी चेपत होते.

एप्रिलच्या अखेरीला, उन्हं कलल्यावर, केशरबाई माळावर पालापाशी गेली. जाताना काय न्यावं हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून ती हात हलवत गेली. पालापुढं चूल पेटलेली होती. दगडाबाईनं तिला बघितलं, पण ती उठली नाही. पटकुराचा एक कोपरा झटकून तिनं जागा केली, एवढंच.

केशरबाई बसली. दगडाबाईनं चहा ठेवला, मेंढीचं दूध घातलं, कपात ओतून पुढं केला. या घरातल्या माणसाच्या हातचा चहा घेण्याइतके आपले हात चांगले आहेत का, असं वाटून केशरबाईला कप धरवेना. गरम असल्याचं निमित्त करून तिनं तो खाली ठेवला.

"पिया," दगडाबाई म्हणाली. "निवला की चव जाती."

ती चहा प्याली. मग हळूच म्हणाली, "वाट मोकळी केलीय मी. तुमी येत न्हाई त्या वाटनं."

"सटवा म्हणतो, मेंढरं तिकडं जात न्हाईत." दगडाबाईनं जाळ आत सारला. "हाकलली तरी बुजत्यात. त्यांना काय समजावून सांगायचं?"



पालामागून मेंढीचं कण्हणं ऐकू येत होतं. दगडाबाई सारखी तिकडं कान देत होती. शेवटी तीच म्हणाली, "दुपारधरनं अडलीय. पहिलटकर हाय. सटवा दवाखान्यात गेलाय डॉक्टरला बघायला, आजून पत्ता न्हाई."

केशरबाईनं फोन काढला. डॉक्टरांचा नंबर तिच्याकडं होता, म्हशीपासूनचा. ती बोलली, माळाचा रस्ता सांगितला, कुठं वळायचं ते परत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, निघालोच. फोन ठेवताना तिला बरं वाटलं, आणि तेवढ्यावरच बरं वाटतंय याची लगेच लाजही वाटली.

"येतायत," ती म्हणाली.

दगडाबाई उठून पालामागं गेली. थोड्या वेळानं तिथूनच तिनं हाक मारली, "रिकाम्या बसलात तर इकडं या. हिचं मुंडकं धरा. मला एकटीला आवरंना."

केशरबाई गेली. मेंढी जमिनीवर आडवी झाली होती, तिचे डोळे पांढरे झाले होते. केशरबाईनं गुडघे टेकले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मेंढीचं काळीज लोकरीखालून धडधडत होतं. दगडाबाई पलीकडून काम करत होती, तिच्याकडं न बघता. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज येईपर्यंत दोघी तशाच होत्या.